माटोळी, फेर आणि दीड डबल कोसेट

उत्तर दीड आलं. वहीत लिहिलं होतं: एस-४, म्हणजे चार वस्तूंच्या सगळ्या अदलाबदलींचा ग्रुप, त्यात चोवीस अदलाबदली म्हणजे पर्म्युटेशन, डावीकडचा सबग्रुप (ग्रुपच्या आतला छोटा ग्रुप) एच चार घटकांचा, उजवीकडचा के चार घटकांचा, म्हणून डबल कोसेट चोवीस भागिले सोळा. मोजायचे होते संच आणि आले दीड. जुलैची रात्र होती, कौलांवर पाऊस कोसळत होता, आणि त्या एका अपूर्णांकाने माझी झोप उडवली.

मी गोव्यात फोंड्याजवळच्या गावात राहते, उच्च माध्यमिकला गणित शिकवते. अकरावी-बारावीचं गणित इतकी वर्षं शिकवल्यावर प्राध्यापकपदासाठीच्या सेट परीक्षेसाठी पुन्हा ग्रुप थिअरी उघडली. एका क्लासच्या नोट्स मिळवल्या होत्या. त्यात डबल कोसेटची व्याख्या होती, एका डबल कोसेटमध्ये किती घटक असतात त्याचं सूत्रही होतं. पण डबल कोसेट एकूण किती, याबद्दल अवाक्षर नव्हतं. खाली स्वाध्यायात मात्र नेमकं तेच विचारलेलं.

साध्या कोसेटने, म्हणजे सबग्रुपने एकाच बाजूने गुणून मिळणाऱ्या संचाने, मला चुकीची सवय लावली होती. लाग्रांजचं प्रमेय सांगतं की एका सबग्रुपचे सगळे कोसेट सारख्याच आकाराचे असतात, म्हणून भागाकार केला की काम झालं. डबल कोसेटचं तसं नाही. तिथे एखादं पर्म्युटेशन घ्यायचं, डावीकडून एचमधल्या कशानेही गुणायचं, उजवीकडून केमधल्या कशानेही, आणि जे जे मिळेल ते सगळं एकाच पोत्यात टाकायचं. दोन्ही बाजूंनी ढवळल्यामुळे काही पोती फुगतात, काही लहान राहतात. डावीकडून केलेली अदलाबदल कधी उजवीकडून केलेल्या अदलाबदलीसारखीच ठरते. मग वेगळे घटक कमी मिळतात.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी चोवीसच्या चोवीस पर्म्युटेशन कागदावर मांडली. एच आणि के दोन्ही एकच घेतले होते: १ आणि २ आपसात बदलायला मोकळे, ३ आणि ४ आपसात बदलायला मोकळे. एकेक पर्म्युटेशन घेऊन त्याची सोळाही रूपं काढली, पेन्सिलने खुणा केल्या. तीन पोती झाली. आकार चार, चार आणि सोळा. बेरीज चोवीस. उत्तर तीन.

उत्तर मिळालं, पण तीनच का, ते कळलं नव्हतं. एस-६ मध्ये सातशे वीस पर्म्युटेशन असतात. तिथे पेन्सिल पुरणार नव्हती.

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली. आमच्या मूळ घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायचं काम दादाकडे असतं. आदल्या दिवशी पहाटेच तो फोंड्याच्या माटोळीच्या बाजारातून नारळाचा घड, सुपारीचे घोस, तोरिंजनं, चिबूड, कांगलां, कवंडळं घेऊन आला. देवाच्या खोलीत छताला टांगलेल्या चौकटीच्या दांड्यांना तो केवणीच्या दोऱ्यांनी एकेक वस्तू बांधत होता आणि मी खाली उभी राहून वस्तू वर देत होते. बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यामुळे ते बाहेर सोप्यावर बसून विचारत होते.

"मधल्या दांड्यावर काय काय बांधलंस रे?"

"एक नारळ, एक चिबूड," दादा वरून म्हणाला.

"आणि भिंतीकडच्या?"

"दोन्ही तोरिंजनं."

बाबांचं समाधान झालं. कोणतं तोरिंजन डावीकडे आणि कोणतं उजवीकडे, हे त्यांनी विचारलं नाही. दादानेही सांगितलं नाही. मी हातात चिबूड धरून तशीच उभी राहिले. दादाला वाटलं मला चक्कर आली.

बाबांना जे उत्तर मिळालं, तेच डबल कोसेट होतं. वस्तू कुठे टांगली जाते याची पूर्ण यादी म्हणजे पर्म्युटेशन: ही वस्तू या जागी, ती वस्तू त्या जागी. एकाच दांड्यावरच्या जागा आपसात बदलल्या तरी चालतं, ही डावीकडची मोकळीक. एकाच जातीची फळं आपसात बदलली तरी चालतं, ही उजवीकडची मोकळीक. दोन्ही मोकळिका दिल्यावर उरतं काय? कोणत्या दांड्यावर कोणत्या जातीची किती फळं, एवढंच. तो एक तक्ता आहे: दांड्यांच्या ओळी, फळांचे स्तंभ, आत पूर्ण संख्या. ओळीची बेरीज म्हणजे दांड्यावरच्या जागा, स्तंभाची बेरीज म्हणजे त्या जातीची फळं.

उलट दिशाही तितकीच सोपी निघाली. दोन मांडण्यांचा तक्ता एकच असेल, तर नुसती दांड्यावरची अदलाबदल आणि जातीतली अदलाबदल करून एकीची दुसरी करता येतेच. म्हणजे जितके तक्ते तितके डबल कोसेट, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. अशा, गटागटांत अदलाबदलीची मोकळीक देणाऱ्या सबग्रुपना यंग सबग्रुप म्हणतात, आल्फ्रेड यंग या इंग्लंडमधल्या धर्मोपदेशक गणितज्ञाच्या नावावरून.

चवथीची संध्याकाळ पाहुण्यांत गेली. आरत्या, भजनं आटोपून घर शांत झाल्यावर मी वही काढली. तीन दांडे, प्रत्येकावर दोन जागा. तीन जातींची फळं, प्रत्येकी दोन: नारळ, चिबूड, तोरिंजन. एकूण सहा वस्तू, म्हणजे एस-६. दोन्ही सबग्रुप आठ-आठ घटकांचे. जुन्या सवयीने भागाकार केला असता तर ७२० भागिले ६४, सव्वाअकरा आले असते.

आता तीन बाय तीनचे तक्ते मोजायचे होते, प्रत्येक ओळ आणि प्रत्येक स्तंभ दोन भरणारे. तक्त्यात २ किती वेळा येतो, यावरून वाटे पडतात. दोन ठिकाणी २ आला तर तिसरा आपोआप येतो, म्हणजे प्रत्येक दांड्याला एकाच जातीची जोडी. असे तक्ते सहा. २ एकदाच आला तर त्याची जागा नऊपैकी कोणतीही, आणि उरलेल्या दोन ओळी-दोन स्तंभांत सगळीकडे १. असे नऊ. २ कुठेच नसेल तर प्रत्येक ओळीत एक शून्य आणि दोन १, आणि शून्यंही प्रत्येक स्तंभात एकेक. असे पुन्हा सहा. एकूण एकवीस.

आकारही तक्त्यावरूनच वाचता येतो. दोन्ही सबग्रुपच्या आकारांचा गुणाकार ६४, त्याला तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याच्या फॅक्टोरियलने भागायचं. पहिल्या प्रकारात तीन वेळा २, म्हणून ६४ भागिले ८, आठ पर्म्युटेशन. दुसऱ्यात ३२. तिसऱ्यात पुरी ६४. मग सहा आठे अठ्ठेचाळीस, नऊ गुणिले बत्तीस दोनशे अठ्ठ्याऐंशी, सहा गुणिले चौसष्ट तीनशे चौऱ्याऐंशी. ४८ अधिक २८८ अधिक ३८४. मी बेरीज दोनदा केली. ७२०.

जुलैतले ते चार, चार आणि सोळासुद्धा मग लगेच उलगडले. दोन बाय दोनचे तक्ते तीनच: दोन तिरपे आणि एक सगळीकडे १ असलेला.

पण सगळे सबग्रुप माटोळीसारखे नसतात. जिथे असा तक्ता दिसत नाही तिथे काय करायचं? यासाठी एक सर्वत्र चालणारा रस्ता आहे, बर्नसाइड या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा. बर्नसाइडने १८९७ च्या आपल्या पुस्तकात तो फ्रोबेनियसचा म्हणून दिला होता, आणि त्याही आधी १८४५ मध्ये कोशीला तो ठाऊक होता. डबल कोसेटवरचं फ्रोबेनियसचं मूळ काम १८८७ चं. रस्ता असा: एचमधला एक घटक आणि केमधला एक घटक अशी जोडी घ्यायची आणि विचारायचं, या जोडीने दोन्हीकडून गुणूनही किती पर्म्युटेशन जशीच्या तशी राहतात? सगळ्या जोड्यांची सरासरी म्हणजे डबल कोसेटची संख्या.

सममित ग्रुपमध्ये, म्हणजे एस-४, एस-६ यांसारख्या ग्रुपमध्ये, ही सरासरी हाताने काढता येते, कारण एक सुंदर गोष्ट मदतीला येते. जोडीतल्या दोघांचा सायकल टाइप, म्हणजे कितीकितीच्या चक्रांत वस्तू फिरतात ते, वेगळा असेल तर एकही पर्म्युटेशन जागेवर राहत नाही. एकच असेल तर त्या टाइपच्या सेंट्रलायझरमध्ये (ज्यांच्याशी गुणाकाराचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही अशा घटकांच्या संचात) जितके घटक, तितकी राहतात. ती संख्या नुसत्या टाइपवरून मिळते. म्हणून एच आणि केमध्ये कोणत्या टाइपचे किती घटक, एवढाच हिशेब ठेवायचा.

माटोळीच्या उदाहरणात आठ घटकांपैकी एक काहीच न बदलणारा, तीन एकच जोडी बदलणारे, तीन दोन जोड्या बदलणारे, एक तिन्ही जोड्या बदलणारा. सेंट्रलायझर अनुक्रमे ७२०, ४८, १६ आणि ४८. दोन्ही बाजू सारख्या म्हणून एक, नऊ, नऊ, एक अशा जोड्या: ७२० अधिक ४३२ अधिक १४४ अधिक ४८. बेरीज १३४४. भागिले ६४. एकवीस! एक आकडा तक्ते मांडून आलेला, दुसरा एकही तक्ता न बघता, आणि दोन्ही एकच. त्या क्षणी अंगावर काटा आला.

तिसरा रस्ताही आहे, यंग टॅब्लोंचा. सहाच्या विभागण्यांच्या (बेरीज सहा होईल अशा फोडींच्या) आकारांत, म्हणजे खाली जाताना न वाढणाऱ्या ओळींच्या घरांत, प्रत्येकी दोन १, दोन २, दोन ३ भरायचे, ओळीत घटू न देता आणि स्तंभात वाढवत. ज्या आकारांत ते भरता येतात असे सात, त्यांत भरण्याचे प्रकार अनुक्रमे एक, दोन, तीन, एक, एक, दोन, एक. त्यांच्या वर्गांची बेरीज एकवीस. तक्ते आणि अशा टॅब्लोंच्या जोड्या यांची एकास एक सांगड क्नुथने १९७० मध्ये घालून दिली. त्यावर पुरतं बोलायला वेगळी बैठक हवी, म्हणून इथेच थांबते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला एक प्रश्न सुचला. दांड्यांचीही अदलाबदल चालेल असं ठरवलं तर? फळांच्या जातींचीही? सबग्रुप मोठा होतो, आठचा अठ्ठेचाळीस घटकांचा. एकवीस तक्ते मग ओळी आणि स्तंभ उलटसुलट करून एकमेकांत मिसळतात. माझे तीन वाटे समोरच होते: २ तीनदा, एकदा, शून्यदा. प्रत्येक वाट्यातले तक्ते ओळी-स्तंभ हलवून एकमेकांत बदलतात, वाटा ओलांडत नाहीत. म्हणजे डबल कोसेट तीन, आणि त्यांचे आकार रात्री काढलेलेच: ४८, २८८, ३८४. आदल्या रात्री मी ज्या तीन बेरजा नुसत्या सोयीसाठी वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या प्रत्यक्षात दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर होत्या.

याचं फुगडीतलं रूप तर आणखी सोपं आहे. सहा जणी, तीन जोड्या. पुढच्या वेळी नव्याने तीन जोड्या. नव्या जोड्या जुन्यांशी किती प्रकारे जुळतात? सगळ्या जोड्या त्याच. किंवा एक जोडी तीच आणि उरलेल्या चौघींनी जोडीदार बदललेल्या. किंवा तिन्ही जोड्या मोडलेल्या. जुनी जोडी एका रेघेने आणि नवी दुसऱ्या रेघेने काढली की बंद कडी तयार होते: तीन लहान कड्या, एक लहान आणि एक मोठी, किंवा सहाही जणींची एकच कडी. हे तीनचे वाटे आहेत: एक-एक-एक, दोन-एक, तीन. सहा जणींच्या जोड्या लावायचे एकूण पंधरा प्रकार, त्यांची फोड एक, सहा आणि आठ. आणि हे कितीही जोड्यांसाठी खरं आहे. जोड्या जितक्या, त्या संख्येच्या विभागण्या जितक्या, तितके डबल कोसेट. चार जोड्या असतील तर पाच, पाच जोड्या असतील तर सात.

त्या संध्याकाळी वाड्यावरच्या बायका आमच्या अंगणात फुगडीला जमल्या. पाऊस थांबला होता. पाच जणींनी हात धरून फेर धरला, गाणं संपलं, हात सुटले, हसणं-बोलणं झालं, पुन्हा फेर. दुसऱ्या फेरात कोण कोणाच्या शेजारी आली ते मी बघत बसले. मुलींची नावं सोडून दिली, फेर फिरवला तरी तोच मानला, उलट्या बाजूने बघितला तरी तोच, तर दुसरा फेर पहिल्याशी किती प्रकारचं नातं सांगू शकतो? दोन्हीकडे पंचकोनाचा ग्रुप, दहा घटकांचा, एस-५ मध्ये.

बर्नसाइडने हिशेब लगेच होतो. काहीच न बदलणारा एक: १२०. पाच जणींना पुढे सरकवणारे चार, सेंट्रलायझर पाचचा: सोळा पंचे ऐंशी. उलटवणारे पाच, त्यांतला प्रत्येक घटक एकीला जागेवर ठेवतो आणि दोन जोड्या बदलतो, सेंट्रलायझर आठचा: पंचवीस आठे दोनशे. बेरीज ४००, भागिले १००. चार.

ते चार कोणते ते अंगणातच दिसले. पहिल्या फेरात धरलेले हात दुसऱ्या फेरात किती टिकले ते मोजायचं. पाचही टिकले, तोच फेर. तीन टिकले, दोन नवे. दोन टिकले, तीन नवे. एकही टिकला नाही, म्हणजे प्रत्येकीने एक सोडून पुढचीचा हात धरला आणि पाच टोकांची चांदणी झाली. चार हात टिकणं अशक्य, कारण चार टिकले की पाचवा आपोआप तोच. एक टिकणंही अशक्य. पाच जणींत प्रत्येकीचे दोन हात जुन्या शेजारणींकडे आणि दोन उरलेल्या दोघींकडे जाऊ शकतात, आणि जे हात धरले नाहीत तेही मिळून एक फेरच होतो. त्यामुळे एक टिकणं म्हणजे त्या दुसऱ्या फेरात चार टिकणं.

पाचाचं इतकं छान जुळल्यावर सहाकडे जाणं भागच होतं. सहा जणींचा हिशेब सोप्यावर बसून केला: ७२०, २४, ७२, ७६८, १४४. बेरीज १७२८, भागिले १४४. बारा. टिकलेले हात मोजून मात्र इथे भागत नाही. सहा, चार, तीन, दोन, एक, शून्य, एवढेच सहा पर्याय आणि फेर बारा प्रकारचे.

मी देवासमोरच्या तबकातल्या सुपाऱ्या घेतल्या, पाटावर सहा सुपाऱ्या गोल मांडल्या आणि खडूने रेघा ओढत एकेक फेर काढायला लागले. प्रत्येक नवा फेर फिरवून, उलटवून आधीच्यांशी ताडून बघायचा, मग वहीत उतरवायचा. अकरा सापडले. बारावा काही केल्या येईना. बर्नसाइडने सांगितलं होतं की आहे. कुठे आहे ते त्याने सांगितलं नव्हतं.

माझी खात्री होती की सहा जणींत सगळे हात नवे असणारा फेर होतच नाही. एक सोडून पुढचीचा हात धरत गेलं की तीन-तीन जणींचे दोन त्रिकोण होतात आणि फेर तुटतो. दोनदा करून बघितलं होतं. म्हणून तिकडे पुन्हा वळलेच नाही.

काकी आरतीचं ताट घेऊन आत जाताना थांबली.

"गो, हे काय मांडलंयस सुपाऱ्यांचं?"

"काकी, सहा जणींचा असा फेर हवा की कोणीच आधीच्या शेजारणीचा हात धरायचा नाही. तुझ्या फुगडीत कधी झालाय असा?"

तिने ताट खाली ठेवलं आणि पाटाजवळ बसली. एक बोट सुपाऱ्यांवरून नेत तिने सुरुवात केली. पहिली, एक सोडून तिसरी, एक सोडून पाचवी. तिथे मी नेहमी परत पहिलीकडे जात होते. काकीचं बोट गेलं नाही.

"समोरचीचा हात धर की," ती म्हणाली, आणि पाचवीवरून थेट समोरच्या दुसरीवर आली. मग सहावी, मग चौथी, आणि चौथीवरून समोरच्या पहिलीवर.

मी खडूने तिच्या बोटामागून रेघ ओढली. सहा रेघा, एकही कडेची नाही, आणि फेर बंद.

वहीत बारा आकडा आधीच लिहून ठेवला होता. त्याच्यापुढे मी तो फेर काढला.